आबांचा झोपलेला हात

कळसाडी, ता. शहादा
गुरुवार

प्रिय हेमराज,

तुझे फोन येतात ते मला दिसतात. उचलत नाही, कारण फोनवर माझं अर्धं बोलणं नेहमी राहून जातं. कागदावर तसं होत नाही. चुकलं तर खोडता येतं आणि खोडलेलंही दिसत राहतं.

तुझ्या नानांचा निरोप पोचला. रविवारी तुमच्याकडची मंडळी गायत्रीच्या साखरपुड्याची तारीख धरायला येणार आणि त्याआधी आमच्याकडून हो की नाही ते कळवावं, असा. माय म्हणते, कळाडी दे, बठ्ठं ठरेलच शे; तिच्या लेखी सगळं ठरलेलंच आहे. आबा म्हणतात, धर्मा म्हनी तसं. बहिणीचं लग्न माझ्या मित्राशी, म्हणून सगळ्यांनी उत्तर माझ्यावर टाकलं आहे, आणि ते माझ्यापाशी अडलं आहे. ते का अडलं हे सांगायचं तर आबांच्या हातापासून सुरुवात करावी लागेल. तू त्यांना बघायला येऊन गेलास, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि दवाखान्यात काय काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नाही.

आबा कसे पडले ते तुला माहीत आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत तुमच्या दावणीवरची तांबूस रंगाची कुमैत घोडी घेतली, त्याच दिवशी उन्हं उतरताना तिच्यावर बसून ते गावाकडे निघाले. मी मागे मोटारसायकलवर होतो. रस्ता सरळ, खड्डा नाही, समोर उसाचा ट्रक नाही, कुत्रं नाही. घोडीचा डावा पुढचा पाय दुमडला, जणू तिथे जमीन आहे हे ती विसरली, आणि आबा उजव्या हातावर आले. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. दुसऱ्या दिवशी घोडीही त्याच पायाने लंगडायला लागली. सगळे म्हणाले, पडण्यात दोघांना लागलं. तू आलास, घोडीचा पाय चोळलास, आबांच्या कानाशी म्हणालास, ‘आबा, तुम्ही दोन्ही पेशंट संगेच बरा व्हतस देखा.’ आबा दुखणं विसरून हसले. मीही हसलो.

नंदुरबारला हाडांच्या दवाखान्यात नेलं. हाडांना धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागतील म्हणाले. आबांचं वय आणि साखरेची गोळी चालू, म्हणून पूर्ण भूल न देता फक्त हात सुन्न करायचा ठरला. भुलीच्या डॉक्टर एक बाई होत्या, आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. आबा सुईला घाबरतात हे तू मानणार नाहीस, नाठाळ घोड्याच्या तोंडात हात घालणारा माणूस, पण त्यांनी माझा शर्ट सोडला नाही, म्हणून मला त्यांच्या डोक्याशी उभं राहू दिलं. बाईंनी गळ्याच्या हाडाच्या वर सोनोग्राफीची दांडी धरली. पडद्यावर त्यांना हाताच्या नसा दिसत होत्या, मला फक्त काळे-पांढरे ढग दिसले. मोठ्या सिरिंजमध्ये एक औषध आधीच भरलेलं होतं. मग त्यांनी एक छोटी बाटली उचलली, तिच्यातलं थोडंसं औषध ओढून त्याच सिरिंजमध्ये घातलं आणि रिकामी बाटली ट्रेमध्ये ठेवली. मला जे दिसतं ते मी वाचतो, ही माझी खोड तुला माहीत आहे. डेक्सामेथासोन. हे नाव मी ओळखलं. आमच्या म्हशीच्या पायाला सूज आली होती तेव्हा तू तुझ्या जनावरांच्या औषधांच्या बॅगेतून हेच दिलं होतंस. मी विचारलं होतं, हे काय, तर तू म्हणाला होतास, स्टेरॉइड शे, सूज उतारस.

तिथूनच माझ्या डोक्यात किडा शिरला. आबांच्या हाताला सुन्न करायचं औषध हवं ते ठीक, पण म्हशीचं औषध त्यात कशाला? आणि विचारलं नाही, सांगितलं नाही, गुपचूप घातलं. मी शिकलेला असतो तर कदाचित गप्प बसलो असतो. बारावी अर्ध्यात सोडलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला कळू नये म्हणूनच सगळं चाललं आहे. आणि माझ्या संशयाला आणखी एक कारण होतं, ते तुझ्याशिवाय कोणाला चटकन कळणार नाही. आमच्या घरात सुन्न करणं म्हणजे बरं करणं नव्हेच. सुन्न करणं म्हणजे लपवणं.

घोडी घेताना आबांचा नियम काय असतो, तो तुला पाठ आहे. सकाळी पसंत पडली तरी बोली करायची नाही. घोडी दावणीवरून सोडून कडक जमिनीवर आणायची, चालवायची, दुडकी पळवायची, आणि मग उन्हं कलेपर्यंत आपल्या डोळ्यांसमोर उभी ठेवायची. मधूनमधून पुन्हा चालवायची. यात्रेत एखादा लबाड निघतोच, लंगड्या जनावराच्या पायात सुन्न करायची सुई मारून उभं करणारा. ती सुई जेवणवेळेच्या पुढे टिकत नाही. सकाळी नाचणारी घोडी दुपारी मान हलवत पाय उचलायला लागली, की माल कळला. यंदाही आबांनी तेच केलं. तुमच्या तंबूसमोर खाट टाकून बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, ‘घोडी आनि जवाई, दोन्ही उनमा उभं करीसनी देखाना पडतस.’ गायत्रीचं बोलणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे सगळे तुझ्याकडे बघून हसले. तू पण चहाचा पेला वर करून म्हणालास, ‘देखा आबा, दिनभर देखा, मी काय पळी जाई ऱ्हायनू का?’ घोडी दिवसभर उभी राहिली. चार वेळा चालवली, चारही वेळा मान सरळ, पाठीवर पाणी ठेवलं तर सांडणार नाही अशी रेवाल चाल. दिवस कलला तेव्हा आबांनी हातावर हात मारला.

तर दवाखान्यात मी हे मनाशी धरून बसलो होतो. या बाईंनी आबांचा हात नुसता सुन्न केला नाही, जास्त काळ सुन्न राहावा म्हणून काहीतरी मिसळलं. का? पट्टी वाकडी बसली असेल. नस कापली गेली असेल. आबांनी ओरडायच्या आत आम्हाला घरी पाठवायचं असेल. संशयाला एकदा दावण मिळाली की त्याला चारा कमी पडत नाही.

शेजारच्या खाटेवर धडगावकडचा सुरुपसिंग म्हणून एक माणूस होता. लाकूड अंगावर पडून पाय मोडलेला. त्याचीही त्याच दिवशी, त्याच बाईंनी, पायाच्या नसेजवळ सुई देऊन भूल केली होती. दिवेलागणीला त्याची सुई उतरली आणि तो कण्हायला लागला. आबा मात्र आपले घोरत होते. तो मला म्हणाला, ‘आमच्या पायाला कुत्रं चावतं आन् तुमचा बुढा घोरतो. बाई तुमची पावणी आहे काय?’ मला हसू आलं नाही. एकच डॉक्टर, एकच दिवस, मग एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं का?

सकाळ झाली तरी आबांचा हात झोपलेलाच. बोटं गार नव्हती, रंग चांगला होता, पण हलत नव्हती. आबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून बघितला आणि म्हणाले, ‘धर्मा, हाऊ कोना हात शे रे? दी टाक, कोनी विसरी गया व्हई.’ सुरुपसिंगसुद्धा हसला. माय हसली नाही. ती नर्सला म्हणाली, ‘हाड जोडाले आनेल व्हता का हात मारी टाकाले?’ त्यातच सकाळी साखर तपासली ती एरवीपेक्षा चढी आली. नर्स म्हणाली, होतं असं, उतरेल. मला ‘होतं असं’ या शब्दांची चीड आली. तुला आठवतं, शाळेत सरांनी ‘असं असतं’ म्हटलं की मी हात वर करायचो आणि तू मला खाली ओढायचास. या वेळी ओढायला तू नव्हतास. मी उठलो आणि बाईंना शोधत गेलो.

त्या वरच्या मजल्यावर खिडकीपाशी चहा घेत होत्या. मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्यांवरून वारं येत होतं, म्हणून मधूनमधून तोंडाला ओढणी धरत. मी सरळ विचारलं, छोट्या बाटलीत काय होतं ते मी वाचलं आहे, ते का घातलं? मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, हाड बसवल्यावर पहिली रात्र सगळ्यात वाईट असते. सुन्न करायचं औषध एकटं दिलं तर ते रात्र पडता पडता उतरतं, नेमकं दुखणं जोरात असतं तेव्हा. त्यात हे स्टेरॉइड थोडं मिसळलं की तीच भूल जवळजवळ दुप्पट वेळ टिकते, माणूस रात्र झोपून काढतो आणि दुखण्याची जोरदार औषधं कमी लागतात. काही डॉक्टर तेच औषध शिरेतून देतात, त्यानेही बराच फायदा होतो, काही नसेजवळ देतात, यावर अजून डॉक्टरांमध्येच चर्चा चालू आहे. साखर एखाद-दोन दिवस चढते, ते धरूनच मात्रा कमी घेतली होती. मी सुरुपसिंगचं विचारलं. त्या म्हणाल्या, त्याची साखर आधीच फार होती आणि जखमेत घाण गेलेली, म्हणून त्याला दिलं नाही. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. मी तरी विचारलं, मग आधी सांगितलं का नाही? यावर त्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला. मग म्हणाल्या, ‘भुलीचं सांगितलं होतं. पण हात उद्या दुपारपर्यंत उठणार नाही, हे सांगायला हवं होतं. राहिलं माझ्याकडून. तुमच्या आईंना मी येऊन सांगते.’ आणि खरोखर खाली येऊन मायशेजारी बसल्या. मायने आधी तोंड फिरवलं, मग त्यांना डब्यातला लाडू दिला.

जाताना त्या एक गोष्ट बजावून गेल्या. हात झोळीतच ठेवा, गरम ग्लास जवळ नेऊ नका. सुन्न हाताला चटका बसला तरी कळत नाही, कशावर आपटला तरी कळत नाही.

दुपारी आबांची बोटं उठली. आधी अंगठा, मग बाकीची, मुंग्या येताहेत म्हणाले. संध्याकाळी दुखायलाही लागलं आणि त्यांनी मला दोन शिव्या दिल्या, तेव्हा मायला धीर आला. म्हणजे माझा डॉक्टरांवरचा सगळा संशय चुकीचा होता. मला बरं वाटायला हवं होतं, हेमराज. गोळ्या आणायला मी खाली उतरत होतो आणि जिन्यात मध्येच थांबलो. माणसं मला ढकलून पुढे जात होती. दुप्पट, असं बाई म्हणाल्या होत्या. आबांचा नियम साध्या सुईसाठी होता. आबांना फक्त तीच माहीत आहे, त्यांच्या वडिलांनाही तीच माहीत होती. जेवणवेळेला उतरणारी. जी दिवस कलेपर्यंत उतरत नाही, तिच्यापुढे खाट टाकून बसलेला माणूस काय करणार?

मी तो विचार तिथेच टाकायचा फार प्रयत्न केला. घरी आल्यावर घोडीला चारा घालताना मी तिच्या पायाकडे बघायचो नाही. पण रात्रंदिवस ते सरळ रस्त्यावर दुमडलेलं पाऊल डोळ्यांसमोर यायचं. जनावर ठेच लागून पडतं तेव्हा सावरायची धडपड करतं. तिने धडपड केलीच नव्हती. शेवटी आबांना म्हटलं, घोडीचं औषधपाणी करून आणतो, आणि टेम्पोत घालून तिला शहाद्याला नेलं. जनावरांच्या ज्या डॉक्टरांकडे तू शिकायला होतास त्यांच्याकडे मुद्दाम गेलो नाही. दुसरे गाठले, ज्यांना तुझं माझं काही माहीत नाही.

त्यांनी पकडीने खूर दाबला तशी घोडीने पाय हिसकला. मग खुराच्या थोडं वर हात फिरवला आणि मला बोट लावून दाखवलं. पायाच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत केस आखूड होते, कापून पुन्हा उगवत असलेले. ‘इथे आधी कोणीतरी काम केलंय,’ म्हणाले. मी तिथे बोट फिरवून बघितलं. ते म्हणाले, दुखणं नेमकं कुठे आहे ते बघायला मी पण इथेच सुई देतो, साधी. खुराच्या आतलं असेल तर आता ती लंगडणार नाही. त्यांनी सुई दिली, आम्ही थांबलो, आणि मग त्यांच्या माणसाने तिला अंगणात चालवलं.

हेमराज, ती यात्रेतली घोडी होती. मान सरळ, पाठ हलत नाही, तीच चाल. मी दारातल्या ओट्यावर बसलो. डॉक्टरांना वाटलं मी आनंदाने बसलो. ते म्हणाले, खूश होऊ नका, हे उतरेल. खुराच्या आतलं हे दुखणं पडल्याचं नाही, वर्षभराचं तरी आहे, टाचेची झीज बघा. आणि अशी सुन्न असताना तिच्यावर चुकूनही बसू नका, पाऊल कुठे पडलं ते तिला कळत नाही. मी तिथेच बसून राहिलो. ऊन अंगणाच्या मधोमध यायच्या आत ती पुन्हा लंगडायला लागली. म्हणजे साधी सुई आबांच्या नियमाला पकडता येते. यात्रेतली साधी नव्हती.

आता मला जे माहीत आहे ते आणि जे माहीत नाही ते वेगवेगळं लिहितो, म्हणजे तुझ्यावर अन्याय नको. घोडी तुमची होती, वर्षभर तुमच्याकडेच होती, हे माहीत आहे. तिच्या पायात त्या सकाळी काहीतरी गेलं, हे माहीत आहे. मिसळायचं ते औषध तुझ्या बॅगेत असतं, नस कुठे असते ते तुला शिकवलेलं आहे आणि नानांना सुई धरता येत नाही, हेही माहीत आहे. पण यात्रेत बॅग घेऊन फिरणारा तू एकटा नसतोस. दुसऱ्या कोणी सुई भरली असेल. तुला न सांगता भरली असेल. हे मला माहीत नाही, आणि इथे मी अंदाज लिहिणार नाही.

एक गोष्ट मात्र मला कोणाला विचारावी लागली नाही, ती माझ्या समोर घडली. आबा घोडीवर बसायला निघाले तेव्हा तू लगाम धरलास. ‘आबा, आज बसू नका, मी टेम्पो करी देस,’ म्हणालास. आबा म्हणाले, कशाला? तू पुन्हा म्हणालास, बसू नका, दिनभर उभी शे, थकेल शे. तेव्हा नाना मागून ओरडले, ‘घोडी बसाले लिन्ही का पूजाले?’ सगळा तंबू हसला. तू बापाकडे बघितलंस आणि लगाम सोडलास. नंतर तू तंबूच्या मागे गेलास, आम्ही निघताना निरोप द्यायलासुद्धा आला नाहीस. तेव्हा मला वाटलं होतं, बघा, होणाऱ्या सासऱ्याची किती काळजी. घरी येऊन मी हे गायत्रीला कौतुकाने सांगितलं होतं. आता मी तेच आठवतो आणि मला कळत नाही त्याला काय म्हणू. काळजी तर ती होतीच. पण थकलेल्या घोडीवर बसू नका असं म्हणताना कोणी लगाम इतका घट्ट धरत नाही.

आबांना अजून मूठ वळत नाही. डॉक्टर म्हणतात व्यायाम केला तर वळेल. ते रोज कणकेचा गोळा दाबत बसतात आणि घोडीला म्हणतात, तू आधी बरी व्हस का मी. त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. नानांनी घोडी परत न्यायची तयारी दाखवली तेव्हा आबांचे डोळे भरले, म्हणाले, असं सोयरं मिळाले नशीब लागस. मी मात्र तेव्हा हा विचार करत होतो की ती परत गेली तर पुढच्या यात्रेत कोणाच्या खाटेसमोर उभी राहील. बघ, माझं मन कसं झालं आहे. चांगल्या गोष्टीचीही उलटी बाजू बघायला लागलं आहे. डॉक्टर बाईंच्या बाबतीत ते साफ चुकलं होतं, तुझ्या बाबतीतही चुकावं असं मला वाटतं. पण बाईंना विचारलं तेव्हा त्या खुर्ची पुढे सरकवून बोलल्या होत्या, म्हणून ते मिटलं.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल गायत्री गोठ्यात आली आणि घोडीच्या पाठीवर हात ठेवून तिने मला विचारलं, ‘भाऊ, हेमराज कसा शे?’ मी म्हटलं, असं का विचारतेस, तू बघितलं आहेस ना त्याला. ती म्हणाली, ‘बठ्ठासमोर बसेल माणूसले मी कितला वळखस? तू वळखस. तू हा म्हन, मंग मन्हं बी हा.’ हा प्रश्न आजवर कोणीही विचारला असता तरी माझ्या तोंडून उत्तर आधीच बाहेर पडलं असतं. काल मी म्हटलं, रविवारी सांगतो. ती घोडीच्या पाठीवरचा हात काढून घरात गेली. मी यातलं आबांना सांगितलेलं नाही, मायला नाही, तिलाही नाही. माहीत असून मी हो म्हटलं तर दावणीवर माल उभा करणारा मीच झालो. आणि नाही म्हटलं तर फक्त माझ्या संशयावरून तिचं घर मोडलं. म्हणून तू शनिवारी ये, नानांना न आणता ये, आणि त्या सकाळी सुई कोणी भरली ते गायत्रीला तुझ्या तोंडाने सांग. तू भरली नसलीस तर लगाम का सोडलास तेवढं सांग. मग ती जे म्हणेल ते आमच्या घराचं उत्तर, मी त्यात एक शब्द घालणार नाही. तू आला नाहीस, तर मला जेवढं माहीत आहे तेवढं मी तिला सांगेन. माय चहा ठेवेल, आबा घरातच असतील. मी मात्र शनिवारी दिवसभर उसात असेन. मला शोधायला येऊ नकोस. मी घरात असलो तर तू एकदा माझ्याकडे बघशील, आणि तू तोंड उघडायच्या आत मी तुझ्या बाजूने बोलून टाकेन.

अजून तरी तुझाच,
धर्मेंद्र